लोकरपंडिताची लाल रेघ

मित्रांनो, जरा कान देऊन ऐका बरं. काही ऐकू येतंय? नाही ना? वा! गेल्या महिन्यापर्यंत माझी घरघर थेट बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जायची. मी एक जुना संगणक आहे. डोळ्यांच्या दवाखान्यातल्या आतल्या खोलीत, खिडकीशेजारच्या टेबलावर माझं बिऱ्हाड आहे. माझ्या कडा पिवळ्या पडल्यात आणि एक बटण दोनदा दाबल्याशिवाय ऐकत नाही. पण कामाचं विचाराल, तर मी अजूनही भल्याभल्यांना भारी पडतो.

काम मात्र नाजूक हं! तुमच्या डोळ्याच्या आत, अगदी मागे, एक पातळ पडदा असतो. त्यावर बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं पसरलेलं असतं. माझ्या शेजारचा कॅमेरा बाहुलीतून आत डोकावतो आणि त्या पडद्याचा फोटो काढतो. मग मी त्या फोटोतली एकेक शीर शोधून तिच्यावर रेघ ओढतो. नेहमीच्या शिरांना हिरवी रेघ. नको तिथे उगवलेल्या शिरेला लाल.

हे मला शिकवलं फोटो काढणाऱ्या ताईनं. सुरुवातीला मी अगदीच मठ्ठ होतो. ताईनं तब्बल दोनशे फोटोंवर स्वतःच्या हातानं शिरा गिरवल्या आणि त्या मला दाखवल्या. तिचा चहा गार व्हायचा, मान अवघडायची, पण बाई हटायची नाही. "ही शीर. ही नाही. ही... आहे रे बाबा, आहे, नीट बघ!" असं ती माझ्याशीच बोलत बसायची. शंका आली तरी रेघ ओढायची, चुकली तर नंतर खोडता येते, असा तिचा खाक्या होता. मीही तोच उचलला.

सुरुवातीची वर्षं काय कौतुक होतं माझं! डॉक्टरीणबाई येणाऱ्याजाणाऱ्याला मला दाखवायच्या. "अर्ध्या मिनिटात सगळं जाळं काढून देतो," असं म्हणायच्या. मी आपला आतल्या आत फुगून जायचो.

आणि मग ती लोकरीची भानगड झाली. एका थंडीच्या सकाळी ताईला काच पुसायचं मऊ फडकं सापडेना. तिनं आपल्या निळ्या स्वेटरच्या बाहीनंच कॅमेऱ्याची काच पुसली. त्या दिवशी सतरा पेशंट झाले आणि सतराही जणांच्या डोळ्यांत, वरच्या कोपऱ्यात, मला एकच वाकडी शीर दिसली. मी इमानेइतबारे सतरा लाल रेघा ओढल्या. डॉक्टरीणबाईंनी कागद चाळले आणि विचारलं, "काय गं, आज सतरा सख्खी भावंडं आली होती का?"

ताईनं जीभ चावली. काचेवर लोकरीचा एक तंतू चिकटला होता! दोघी पोट धरधरून हसल्या. चूक बाहीची, पण नाव पडलं माझं. त्या दिवसापासून मी झालो 'लोकरपंडित'. थट्टेचं काही नाही हो. पण पुढे माझी लाल रेघ दिसली की डॉक्टरीणबाई आधी हसायच्या आणि मग बघायच्या. त्याचं मला खरंच वाईट वाटायचं.

अशातच घड्याळवाले काका आले. चौकातल्या छोट्या दुकानात बसून मनगटी घड्याळं दुरुस्त करायची, हा त्यांचा धंदा. बारा वर्षांपासून रक्तात साखर, आणि डोळे मात्र कधी म्हणून तपासलेले नाहीत. "मला फक्त चष्म्याचा नंबर द्या. दुकान उघडायचंय," असा त्यांनी धोशा लावला. ताईनं गोड बोलून त्यांना कॅमेऱ्यासमोर बसवलं आणि फोटो काढला.

मित्रांनो, तो फोटो पाहून मी चरकलो. डाव्या डोळ्यात, पडद्यावर, नव्या बारीक शिरांचं एक वेटोळं उगवलं होतं. अशा शिरा फार कच्च्या असतात. त्या कधी फुटतील आणि डोळा रक्तानं भरेल, याचा नेम नसतो. मी लाल रेघ ओढली.

डॉक्टरीणबाई दारातून डोकावल्या. बाहेर गर्दी होती. "पंडितांना परत लोकर दिसली वाटतं!" त्या हसून म्हणाल्या. काका तर उठलेच. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. पण मी एक रेघ ओढू शकतो, बस्स.

ताई मात्र हलली नाही. "मॅडम, दोनच मिनिटं. काका, बसा पाहू. आता नजर जरा डावीकडे वळवा."

"अहो, गिऱ्हाईक उभं असेल तिकडे!"

"असू दे उभं. डावीकडे बघा."

फोटो निघाला. मी पुन्हा जाळं काढलं. मंडळी, गंमत बघा: लोकर काचेवर असती, तर ती फोटोत जागच्या जागी राहिली असती. माझी लाल रेघ डोळ्याबरोबर सरकली होती! डॉक्टरीणबाईंचं हसू मावळलं. त्यांनी स्वतः भिंग लावून काकांचा डोळा बराच वेळ पाहिला.

"पण मला तर सगळं स्वच्छ दिसतंय," काका पुटपुटले.

"दिसतंय तोवर आलात, हेच नशीब आपलं," बाई म्हणाल्या आणि त्याच आठवड्यात लेझरचे उपचार सुरू केले. खोलीतून जाताना बाईंनी माझ्या पाठीवर हलकेच थाप मारली. मी कितीतरी दिवस त्या थापेवर जगलो.

चार महिन्यांनी काका परत आले. नव्या फोटोत ते वेटोळं सुकून गेलं होतं. पडदा शाबूत, नजर शाबूत! ताईनं टाळ्याच वाजवल्या. पण नेमका त्याच दिवशी मी तापून दोनदा बंद पडलो. "याला आता भंगारात काढावं लागणार," ती हळूच म्हणाली.

काकांनी कान टवकारले. "थांबा, थांबा! ही घरघर पंख्याची आहे. बघू जरा." त्यांनी खिशातून डबी काढली, डोळ्याला भिंग लावलं आणि माझी पाठ उघडली. चिमटा आत गेला. अख्खी खोली श्वास रोखून बघत होती, आणि मीसुद्धा! चिमटा बाहेर आला तो एक तंतू घेऊन. निळ्या लोकरीचा.

असे हसलो आम्ही सगळे, असे हसलो, की बाहेरचे पेशंटही डोकावायला लागले. तेव्हापासून माझा पंखा गुपचूप फिरतोय आणि भंगाराचं नाव कोणी काढत नाही.

तर मित्रांनो, काच पुसायला फडकं वापरा, बाही नको. आणि घरातल्या मोठ्यांना साखर असेल, तर त्यांना वर्षातून एकदा डोळे तपासायला घेऊन या, अगदी सगळं स्वच्छ दिसत असलं तरीही. ते कुरकुर करतील, करू देत. काकांनीही केली होती. माझ्या पोटातला केसाएवढा तंतू त्यांनी बरोब्बर टिपला ना, तो त्याच डाव्या डोळ्यानं.