बोडीच्या पाळीचा चढ

मास्तरकी सुटून सहा वर्षं झाली, तरी सकाळचे अकरा वाजले की मला करमत नाही. तिरोड्याजवळच्या आमच्या गावातल्या कॉलेजात अठ्ठावीस वर्षं मी अकरावी-बारावीला गणित शिकवलं. "लंब रेषांच्या चढांचा गुणाकार?" मी ओरडायचो, आणि साठ पोरं एका दमात ओरडायची, "वजा एक, सर!" काय दिवस होते ते! आता घरात काही विचारलं तर बायको म्हणते, "दाळीत मीठ किती टाकू तेवढं सांगा, बाकी काई विचारू नका."

त्यामुळे सरपंच दुधराम दारात येऊन म्हणाला, "सर, बोडीवर चला, तुमच्यासाठी काम अडून राहिलं," तेव्हा मी अर्धा चहा टाकून निघालो. चष्मासुद्धा घेतला नाही.

बोडी म्हणजे आमच्या गावचा लहान तलाव. आम्ही जातीनं कोहळी. तलाव बांधावे तर कोहळ्यांनीच, असं आमचे म्हातारे मिशीला पीळ देऊन सांगायचे. मागल्या पावसाळ्यात बोडीची जुनी पाळ, म्हणजे पाणी अडवणारा मातीचा बांध, फुटली. नवी पाळ नाल्याला बरोबर काटकोनात घालायचं ठरलं होतं. ती तिरपी झाली तर पाणी एकाच कोपऱ्याला धडका देणार, पाळ पुन्हा फुटणार आणि खालच्या बांध्यांतलं, म्हणजे भातखाचरांतलं, सगळं धान जाणार.

कागदावर आणि मग जागेवर चुन्यानं आखणी पुष्पांजलीनं केली होती. माझीच विद्यार्थिनी, डिप्लोमा करून आलेली, आणि हे तिचं पहिलंच काम. पोरीच्या जातीला पाळ काय कळते, अशी गावात कुजबुज होतीच. दुधराम तर तिच्या तोंडावर म्हणाला, "सर, तुमी हो म्हणा, जेसीबी चालू करतो. नाई म्हणा, तिले घरी पाठवतो अन् गोंदियाचा इंजिनिअर आणतो."

तिनं आलेखाचा कागद माझ्यापुढं धरला. "नाला हा, सर. चढ एक छेद दोन. म्हणून पाळीचा वजा दोन."

मी कागद डोळ्यांजवळ नेला. आलेखाची घरं तेवढी दिसत होती. बोट ठेवून मोजली आणि माझं टाळकंच सरकलं.

"नाला चार घरं आडवा, एक घर वर. चढ एक छेद चार. पाळ एक घर आडवी, एक घर खाली. चढ वजा एक. गुणाकार किती झाला? वजा एक छेद चार! अवं, आंधळ्यालेबी दिसते तिरपी आहे म्हणून! अकरावीत झोपा काढत होती का?"

"सर, पण त्या कागदावर..."

"पण-बिण काई नाई!"

लोक हसले. तिनं मान खाली घातली. आता सांगायला लाज वाटते, पण त्या वेळी मला बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी माझ्यापुढं कोणीतरी असं गप्प उभं होतं.

"थांबा," मी म्हणालो, "बाबांच्या पद्धतीनं दाखवतो."

माझे बाबा चौथी शिकलेले, पण पाळ आखावी तर त्यांनीच. तिची चुन्याची रेघ नाल्याला जिथं भिडत होती तिथं मी एक खुंटा ठोकला. नाल्याच्या काठाकाठानं त्याच्या वरच्या अंगाला दहा पावलांवर दुसरा, खालच्या अंगाला दहा पावलांवर तिसरा. लांब दोरीची टोकं वरच्या-खालच्या खुंट्यांना बांधली आणि दोरीच्या बरोबर मधोमध गाठ मारली. आता गाठ धरून दोरी ताणत चालत जायचं. दोन्ही बाजू सारख्या ताठ झाल्या की गाठीपासून मधल्या खुंट्यापर्यंत पाळीची रेघ. बाबा विडी ओठांत धरून हे करायचे आणि म्हणायचे, "दोरी कोणाच्या बापाची नसते." दोरी हातात आली आणि बाबांची फार आठवण आली.

मी ताणत गेलो. गाठ बरोबर तिच्या चुन्याच्या रेघेवर येऊन थांबली.

असं कसं? मी परत गेलो, पावलं मोजली, पुन्हा ताणली. पुन्हा तिथंच. मग मी दुधरामचा चष्मा मागून घेतला आणि कागद नीट पाहिला. आडव्या अक्षावर लिहिलं होतं, एक घर बरोबर दहा मीटर. उभ्या अक्षावर, एक घर बरोबर वीस. कागद उभ्या बाजूनं पुरला नसेल, म्हणून पोरीनं प्रमाण बदललेलं. मी मीटर सोडून घरं मोजत बसलो होतो. चाळीस मीटर आडवं, वीस वर. एक छेद दोन. त्याला वजा दोननं गुणलं की वजा एक. शेंबड्या पोरालाही जमलं असतं.

"बरोबर आहे," मी पुटपुटलो.

"काय म्हणता गा, सर?" मागून म्हातारा चैतराम ओरडला. त्याला कमी ऐकू येतं.

"पोरगी बरोबर आहे!" मी ओरडलो. "मी चुकलो! चालू कर मशीन!"

दुधरामनं हात केला आणि जेसीबी धडधडत पाळीकडं निघाला. पुष्पांजली माझ्याजवळ आली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. "सर, अकरावीच्या सहामाहीतबी तुमी माया पेपरातला आलेख असाच चूक म्हणून कापला होता. त्यातबी प्रमाण वेगळं होतं."

"मंग तेव्हा सांगितलं काऊन नाई वं?"

"सांगाले आली होती ना, सर. तुमी स्टाफरूमच्या दारातूनच हाकललं."

मला ते आठवेना. दार आठवत होतं, ती नाही. त्या दारातून मी अशी किती पोरं परत पाठवली असतील, देव जाणे. अठ्ठावीस वर्षं शिकवलं म्हणून मिरवत होतो मी!

मी तिथंच मातीत बसलो आणि कागद तिच्यापुढं धरला. "आता सांग."

"काय, सर? झालं ना आता."

"तेव्हा जे सांगाले आली होती ते सांग. पूर्ण."

ती माझ्याशेजारी बसली, खिशातून पेन काढलं आणि पहिल्या अक्षापासून समजावू लागली. माझे डोळे भरून आले होते, पण मी मध्ये एकदाही बोललो नाही.