टाक आणि पळ

मित्रांनो, मी एक जुनी बॅट आहे. पण मला बघून क्रिकेटची आठवण काढू नका. मी चपटी नाही, गोल आहे, बेसबॉलची. शेजारच्या बायकांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मुसळ म्हणाल्या होत्या. त्याचा राग मला अजून आहे.

माझा जन्म बेंगळुरूच्या एका सरकारी कारखान्यात झाला, एकोणीसशे अठ्ठावन्न साली. अमेरिकेहून एक यंत्र आलं होतं. ते बसवायला आलेल्या साहेबाने संध्याकाळी कॉलनीतल्या मुलींना हा खेळ शिकवला, चेंडू आणि हातमोजे त्यांना देऊन तो मायदेशी गेला. बॅट तेवढी द्यायची राहिली. मग मल्लाप्पा टर्नरने यंत्राच्या खोक्याखालचा जाड ओंडका मागून घेतला आणि दुपारच्या सुट्टीत लेथवर चढवून मला घडवलं, आपल्या लेकीसाठी, चंपासाठी. मल्लाप्पा अथणीकडचा. घरात मराठी, दारात कानडी.

त्याची एक रीत होती. हातातलं हत्यार खाली पडलं की तो ते उचलून डोळ्यांना लावायचा. आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, कारखान्यात झेंडूच्या माळा लागत, दारात कोहळा फुटे. त्या वर्षी त्याने मलाही लेथशेजारी ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, पुढे लिंबू ठेवलं. चंपाला म्हणाला, "हे तुझं हत्यार. याला पाय लावायचा नाही आणि हे टाकायचं नाही." मी फुगून टम्म झाले. पुढचं काय ठाऊक मला!

कारण या खेळात चेंडू मारला की बॅट तिथेच टाकून पळायचं असतं. तीन कोपऱ्यांतल्या तीन दगडांना शिवायचं आणि जिथून मारलं त्या चौथ्या दगडापाशी परत यायचं. त्या जागेला 'घर' म्हणतात. चंपा मारायची झकास. पण मग ती वाकायची, मला अलगद खाली ठेवायची, हात डोळ्यांना लावायची आणि मग पळत सुटायची. तोवर चेंडू तिच्याआधी दगडापाशी पोचायचा आणि ती बाद व्हायची. खेळ घेणाऱ्या सुलभाअक्का सांगून सांगून थकल्या.

"अगं, टाक ती बॅट आणि पळ."

"सरी अक्का," चंपा कानडीत 'बरं' म्हणायची, आणि पुन्हा वाकायची.

बाकी संघाचाही आनंदीआनंदच होता. लगोरी खेळून शिकलेल्या मुली, निम्म्या अनवाणी. सामना म्हटला की हरायचाच. आणि चंपा तर एकदाही घरी पोचली नव्हती.

पुढच्या वर्षी मल्लाप्पाला खोकला जडला. डॉक्टरांनी क्षय सांगितला. त्याची बायको गंगव्वा दर शुक्रवारी बनशंकरीच्या देवळात जाऊन लिंबाच्या सालीत दिवा लावी, पण अंगात ताकद राहीना. गावाबाहेरच्या दवाखान्यात त्याला ठेवायचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी कँटोन्मेंटकडच्या एका मोठ्या शाळेशी आमचा सामना होता. मल्लाप्पा म्हणाला, "एकदा पोरीला घरी आलेली बघतो. मग न्या कुठं न्यायचं तिकडं."

तो मैदानाच्या कडेला, तोंडावर उपरणं धरून, सगळ्यांपासून लांब बसला.

त्या दिवशी काय संचारलं होतं पोरींच्या अंगात कोण जाणे. समोरच्यांच्या पायात बूट, अंगात गणवेश. तरी शेवटच्या डावात दोन्ही संघांच्या धावा सारख्या झाल्या. चंपा आली. तिने मला घट्ट धरलं आणि चेंडू असा हाणला की तो पार कुंपणाशी गेला. आता फक्त पळायचं होतं.

चंपा वाकली. बाप बघत होता ना! त्याच्यादेखत त्याने पुजलेलं हत्यार ती टाकणार कशी? तिने मला ठेवलं, हात डोळ्यांना लावला आणि पळाली. पहिला दगड, दुसरा, तिसरा. घर दोन पावलांवर असताना चेंडू आधी पोचला. जादा डावात आम्ही हरलो.

चंपा बापाजवळ गेली. त्याने तिला लांबच थांबवलं, आजारच तसा होता.

"आप्पा, मी घरी नाही आले."

"चुकलं माझंच, बाळ," मल्लाप्पा म्हणाला. "हत्यार जपायला शिकवलं. टाकावं कधी, ते सांगायचं राहिलं. पुढच्या खेपेला टाक आणि पळ. मी येतो बघायला."

तो आला नाही. दवाखान्यातच तो वारला.

त्यानंतर चंपाने मला मैदानात नेलं नाही. बापाच्या हातची शेवटची वस्तू म्हणून मला देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवलं. सुलभाअक्का एकदा मागायला आल्या होत्या, नव्या मुली तयार होत होत्या. गंगव्वाने त्यांना चहा दिला, बॅट दिली नाही.

आता एकोणीसशे सदुसष्ट साल आहे. चंपा त्याच कॉलनीतल्या शाळेत शिकवायला जाते. कॉलनीतल्या इतर बॅटी फुटल्या, चुलीत गेल्या. मी मात्र धडधाकट आहे, अंगावर एक ओरखडा नाही. मित्रांनो, मला कुणी टाकून दिलं असतं तर मी इतकी रडले नसते. आपल्या वस्तू जरूर जपा, पण ज्या कामासाठी त्या घडल्या ते काम त्यांच्याकडून काढून घेऊ नका.

दर आयुधपूजेला चंपा मला खाली काढते, कुंकू लावते. मग दार लोटून घेते आणि मला दोन्ही हातांनी धरून उभी राहते, पाय फाकवून, खांदा वळवून, अगदी त्या दिवशीसारखी. मी श्वास रोखून वाट बघते. टाक गं, मी मनात म्हणते, या खेपेला तरी टाक आणि पळ.

ती वाकते, मला अलगद खाली ठेवते, हात डोळ्यांना लावते आणि उचलून परत फळीवर ठेवते.