लूबाबाईंचा दुसरा टॉवेल

लूबाबाईंनी पाण्याचं भांडं नर्सच्या अंगावर भिरकावलं, आणि त्याच दिवशी डॉक्टर हॅलरननी त्यांना भ्रमिष्ट ठरवायचं मनावर घेतलं.

गोष्ट १९८३च्या जानेवारीतली, डेट्रॉइटच्या एका हॉस्पिटलातली. लूबाबाई सत्तरीच्या, रोमा. लोक ज्यांना जिप्सी म्हणून नाकं मुरडतात, त्यांच्यातल्या. पित्ताशयात खडे झाले होते आणि आठवडाभरात ऑपरेशन करायला हवं होतं. पण त्यांची सही घ्यायला हॅलरन तयार नव्हते. म्हातारी काय बोलते ते कुणालाच कळत नाही, म्हणे. जन्म रुमानियातला म्हणून त्यांनी रुमानियन दुभाष्या बोलावला. तो दहा मिनिटं ऐकून म्हणाला, "चार शब्द आमचे आहेत, बाकी नुसती बडबड." झालं! शुक्रवारी दहाला हॅलरन शेवटची तपासणी करणार आणि कागद कोर्टात धाडणार. मग कोर्ट एक पालक नेमणार, आणि बाईंचं पोट कधी फाडायचं इथपासून त्यांनी पुढे कुठल्या नर्सिंग होममध्ये पडून राहायचं इथपर्यंत सगळं तो परका माणूस ठरवणार.

त्याच वॉर्डात पद्मिनी ज्युनियर डॉक्टर होती. मूळची अमरावतीची, आता डेट्रॉइटजवळच्या ट्रॉय गावात राहणारी, आणि जिभेला हाड नसलेली. पहिल्या दिवशी लूबाबाई "पानी, पानी" म्हणाल्या तेव्हा तिचे कान टवकारले. रोमांचे पूर्वज हजारेक वर्षांपूर्वी इंडियातूनच निघाले, हे तिनं कुठंतरी वाचलं होतं. मोठ्या उत्साहात ती खाटेवर बसली आणि म्हणाली, "आजी, तुम्ही तर आमच्याच! आमच्या इंडियातल्या!" नातसून रूबीनं ते भीतभीत म्हातारीला सांगितलं. म्हातारीनं पद्मिनीला आधी खाटेवरून उठवलं आणि मग सुनावलं. ते रूबीनं इंग्रजीत सांगितलं, "ती म्हणते, हजार वर्षांत विचारपूस केली नाहीत, आता कुठून आलात आमच्या म्हणायला?"

पद्मिनीला राग आला. मग लाज वाटली, आणि मग म्हातारी आवडली.

भांड्याचं कोडं रूबीनंच उलगडलं. "कमरेच्या वरचं अंग वेगळं, खालचं वेगळं. दोन्हींना भांडं वेगळं, साबण वेगळा, टॉवेल वेगळा. नर्सनं पाय पुसलेल्या फडक्यानं तिचं तोंड पुसलं. पुन्हा पुन्हा सांगितलं, तरी पुसलं. मी असते तर मीही फेकलं असतं."

पद्मिनीला हसू आलं. पळसाला पानं तीनच! अमरावतीला आत्याच्या सोवळ्याविरुद्ध तिनं घर डोक्यावर घेतलं होतं. मुद्दाम पाण्याच्या हंड्याला हात लावून दोन दिवस अबोला सोसला होता. आणि आज तीच पद्मिनी स्टोअरमधून दोन भांडी, दोन साबण, दोन टॉवेल घेऊन आली आणि एका भांड्याला लाल पट्टी चिकटवली. लूबाबाईंनी पट्टी निरखली आणि मुकाट्यानं तोंड धुतलं.

तिनं केसपेपरवर लिहिलं, 'भाषा: रोमानी.' हॅलरननी ते खोडून 'नाही' लिहिलं. तिनं पुन्हा लिहिलं.

"ही भाषा असेल तर पुरावा द्या," हॅलरन म्हणाले. "शंभर शब्द अर्थासकट फाइलला लावा. नातेवाइकांच्या सांगण्यावर मी जात नाही."

लूबाबाईंनी साफ नकार दिला. रूबी म्हणाली, "एका देशात ही भाषा बोललो म्हणून आमची जीभ छाटली, दुसऱ्यात पोरं काढून घेतली, असं आमची माणसं सांगत आली. म्हणून ती परक्यांच्या कागदावर उतरवायची नाही. ती म्हणते, डोकं गेलं असं खुशाल लिहा, पण आमची बोली फाइलला लावू देणार नाही."

घरी तिचा नवरा हेमचंद्र वैतागला. "पद्मा, जूनमध्ये तुझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला करतेस यार?"

"त्या बाईनं आपली भाषा हजार वर्षं मुठीत धरून ठेवली, आणि मी जूनपर्यंत तोंड मिटून बसू? नाही जमणार मला."

शुक्रवारी हॅलरन आले. "दहापर्यंत मोजायला सांगा," ते रूबीला म्हणाले. लूबाबाईंनी ओठ घट्ट मिटले. हॅलरननी पेनचं टोपण काढलं.

 पद्मिनीला काय करावं ते सुचेना, म्हणून ती स्वतःच मोजू लागली, मराठीत, बोटं उघडत. "एक. दोन..."

"दुई!" म्हातारी फणकारली.

"तीन."

"त्रिन!"

"चार."

"श्तार!" लूबाबाई उठून बसल्या होत्या. या शिकल्यासवरल्या पोरीला साधे आकडे धड येऊ नयेत? पाचाला "पांझ", सहाला "शोव". पद्मिनी "सात" म्हणाली तेव्हा "एफ्ता" आलं, आणि ती अडखळली. आठ आणि नऊही तिच्या ओळखीचे निघाले नाहीत. दहाला मात्र म्हातारी "देश!" म्हणाली आणि जुनी ओळख परत पटली.

"मधले तीन कुठले?" तिनं विचारलं.

लूबाबाईंनी उत्तर दिलं आणि रूबी हसली. "ते वाटेत ग्रीकांकडून घेतले. ती म्हणते, तुम्ही घरातच बसलात, तुम्हाला कुठून मिळणार?"

हॅलरन काहीतरी बोलणार, तोच लूबाबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. सव्वादहा झाले होते. मग दोन्ही हातांची दहा बोटं हॅलरनच्या नाकासमोर धरून त्या गरजल्या, "देश!" दहाची वेळ दिली होती ना, मग आता येता?

दुभाष्याची गरज कुणालाच पडली नाही. हॅलरनचे कान लाल झाले. त्यांनी कोर्टाचा कागद काढून घेतला, संमतीचा फॉर्म पुढे सरकवला आणि म्हणाले, "डॉक्टर, जूनमध्ये आपल्याला बोलावं लागेल."

"जरूर बोलू," पद्मिनी म्हणाली. "मी वेळेवर येईन."

लूबाबाईंनी आधी वरचा टॉवेल मागून हात पुसले आणि मग सही केली, वाकडीतिकडी पण स्वतःची. फॉर्मवर भाषेचा रकाना अजून कोरा होता. फॉर्मला खाली दोन कार्बन होते. पद्मिनीनं 'रोमानी' लिहिलं, तिन्ही प्रतींवर उमटेल इतकं दाबून.