गाडी उजवीकडं ओढते

“दाब,” मागच्या चाकाजवळून धम्मपालचा आवाज आला. करुणाने ब्रेक दाबला. “धर. हं, सोड.”

सकाळपासून हेच चाललं होतं. हर्सूलला त्यांच्या घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये श्रीरंग देशपांड्यांची जुनी काँटेसा जॅकवर उभी होती. पुढे डिस्क, मागे ड्रम. चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांत अडकलेली हवा काढून झाली होती. नळीतून बाटलीत उतरणाऱ्या ब्रेक ऑइलमध्ये आता एकही बुडबुडा नव्हता, तरी धम्मपाल परत हवा सोडायचं निप्पल सैल करी आणि करुणाला पाय मारायला लावी. लग्न होऊन आली तेव्हापासून हे पेडल दाबायचं काम तिचंच. गाडी चालवायला ती शिकली नाही, पण ब्रेकमध्ये हवा राहिली की तिच्या तळपायाला कळायचं. आज पेडल दगडासारखं घट्ट होतं.

तिने तसं सांगितलं, तर तो खेकसला, “मंग गाडी उजवीकडं का ओढती?”

दोनदा तो जेलच्या भिंतीकडच्या रस्त्याने फेरी मारून आला होता आणि दोन्ही वेळा ब्रेक मारताच गाडी उजवीकडे गेली होती. त्याने मागचे ड्रम उघडले, पट्ट्या घासल्या, दोन्ही चाकं सारखी अडतील अशी बसवली. पुढच्या डिस्कही पुन्हा पुसल्या. त्याला आलेल्या अर्धांगाच्या झटक्यानंतर हाती आलेलं हे पहिलंच काम. देशपांडे उद्या म्हाताऱ्या आईला घेऊन दौलताबादचा घाट चढणार होते. दुपारचं जेवण तसंच पडून होतं.

तिसऱ्या फेरीला करुणा आपणहून शेजारी बसली. तलावाकडे वळल्यावर रस्ता मोकळा झाला आणि त्याने ब्रेक मारला. गाडी उजवीकडे झुकली. करुणा या वेळी रस्त्याकडे बघतच नव्हती. ब्रेक दाबताना त्याच्या अंगाचा सगळा भार उजव्या हातावर आला आणि स्टिअरिंग त्या बाजूला फिरलं. गिअर टाकून परत आलेला डावा हात स्टिअरिंगवर नुसता टेकलेला होता, त्यात पकड नव्हती.



“बघितलं?” तो म्हणाला. “उजवा ड्रम पुन्हा खोलावा लागतो.”



दोघं परतली, तेव्हा शेडपाशी देशपांडे येऊन थांबले होते. अजून काम राहिलंय, उद्या सकाळी या, असं धम्मपाल त्यांना सांगू लागला. त्याने पाना उचललाही. तेव्हा करुणा मधे पडली.

“साहेब, गाडी तुमची हाय. एकदा तुमीच चालवून बघा. हे बसतील बाजूला.”

धम्मपालने तिच्याकडे असं पाहिलं, की तिने नजर वळवली. पण देशपांडे चावी घेऊन बसलेसुद्धा.

ती शेडच्या तोंडाशी उभी राहिली. पाने पुसून ठेवले, पुन्हा काढून पुसले. रस्त्यावरच्या प्रत्येक हॉर्नला मान वळवली. काँटेसा आली ती थेट दारापर्यंत आली आणि जागच्या जागी सरळ थांबली. देशपांडे खूश होते. पूर्वीपेक्षाही ब्रेक छान लागतो म्हणाले आणि गाडी घेऊन गेले.

धम्मपाल स्टुलावर बसला.

“तुला कळलं व्हतं?”

“व्हय.”

“मंग सांगायचं ना.”

“कसं सांगू?”

 तो उठून नळापाशी गेला. करुणा साबण घेऊन मागे गेली आणि नेहमीसारखी बाजूला उभी राहिली, कारण आजारपणापासून तो डाव्या हाताला कुणाला शिवू देत नसे. त्याने उजवा हात धुतला. मग न बघताच डावा तिच्यापुढे केला. तिने तो आपल्या हातात घेतला आणि एकेका बोटाच्या बेचक्यातलं काळं तेल सावकाश काढू लागली.