चेंडू नसलेला सामना

मारिलू आणि मी लंडनच्या एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये शेजारशेजारी काम करायचो. हे लंडन कॅनडातलं, ऑन्टारिओतलं. पुण्याच्या नातेवाइकांना हे मला अजूनही दरवेळी सांगावं लागतं. मारिलू मूळची फिलिपिन्समधल्या इलोइलोची. तिची मुलगी डॅनिका इथेच वाढली, इथल्याच युनिव्हर्सिटीत शिकत होती आणि तिथल्या मुलींच्या सॉकर टीममध्ये बचावफळीत खेळायची. मला ती तीता अरुणा म्हणे आणि माझ्या नवऱ्याला तीतो रवी. तीता म्हणजे मावशी, तीतो म्हणजे काका.

२००६च्या फॉलमध्ये, पानगळीच्या दिवसांत, डॅनिकाला कळलं, की फिलिपिन्सचा महिला संघ परदेशात वाढलेल्या मुलींचाही विचार करतो आहे. आई फिलिपिनो असणं पुरेसं होतं. प्रशिक्षकांना मात्र एका अख्ख्या सामन्याचं शूटिंग हवं होतं. ते पाहूनच लॉस एंजेलिसच्या निवड शिबिराला कोणाला बोलवायचं हे ते ठरवणार होते. टीमकडे गोलांचे तुकडे होते, पण गोल मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होत असल्यामुळे डॅनिका त्यांत कुठेच नव्हती. तिचं युनिव्हर्सिटीचं शेवटचं वर्ष आणि सीझनचा एकच सामना उरलेला. त्यानंतर मैदानावर बर्फ आणि डॅनिकापुढे मारिलूने शोधून ठेवलेली डेंटिस्टच्या ऑफिसातली नोकरी.

सामना शनिवारी होता आणि त्या दिवशी मारिलूची ड्यूटी होती. माझ्या नवऱ्याकडे, रविकांतकडे, हँडीकॅम होता, हे तिला माहीत होतं. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आतच तो हो म्हणाला.

आमच्या महाराष्ट्र मंडळाची एक पद्धत इथे सांगायला हवी. गणपतीच्या कार्यक्रमात प्रत्येक बाप स्टेजपुढे उकिडवा बसतो आणि फक्त आपल्या मुलाचं शूटिंग करतो. आमच्याकडे आमच्या मुलीच्या, चैत्रालीच्या, रामायणाची टेप आहे. तीत राम नाही, सीता नाही, लक्ष्मणाचा एक कोपर आहे. बाकी पूर्ण वेळ एक हरीण आहे आणि ते अधूनमधून नाक खाजवतं. यात कोणालाच काही गैर वाटत नाही. सगळ्या घरांतल्या टेप एकत्र केल्या तर रामायण पुरं होईल.

रविवारी मारिलू आणि डॅनिका नूडल्सचा मोठा ट्रे घेऊन आमच्या बेसमेंटमध्ये आल्या. रविकांतने टेप लावली.

पडद्यावर डॅनिका होती. पोनीटेलपासून बुटांपर्यंत, अगदी स्पष्ट. ती चार पावलं मागे गेली. थांबली. हात लांब करून कोणाला तरी काही दाखवलं. पुन्हा मागे आली, मोजा वर ओढला. चेंडू दिसला नाही. मग ती डावीकडे सरकली आणि उभी राहिली. चेंडू तरीही दिसला नाही. लोकांचा आरडाओरडा लांबून येत होता आणि अगदी जवळून रविकांतचा आवाज येत होता, शुद्ध मराठीत.

"अगं, पळ ना. सगळ्या तिकडे आहेत, तू इथे काय करतेस?"

डॅनिका जागची हलली नाही.

"जा, जा, पुढे जा. अशी खांबासारखी काय उभी राहतेस?"

चैत्राली सोफ्यावरून म्हणाली, "बाबा, ओह माय गॉड." मारिलूने नूडल्सची प्लेट खाली ठेवली आणि कोण जिंकलं ते विचारलं. रविकांतला ते सांगता आलं नाही. आपण जिंकलो, एक-शून्य, असं डॅनिकाने सांगितलं.

"आणि तू कधी खेळलीस?" मारिलूने विचारलं.

डॅनिका उठून वॉशरूममध्ये गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. रविकांत टेप मागे-पुढे करत राहिला, जणू चेंडू कुठेतरी अडकला असेल. शेवटी तो मला हळूच म्हणाला, "अरुणा, मी त्या पोरीचं वाटोळं केलं का गं?"

मला सॉकरमधलं काही कळत नाही. पण डॅनिका बाहेर आल्यावर मी टेप पुन्हा लावली आणि ती प्रत्येक वेळी नक्की काय करते आहे ते विचारलं. ती आधी नाइलाजाने सांगू लागली. इथे त्यांची एक चपळ मुलगी माझ्या मागच्या मोकळ्या जागेत पळणार होती, म्हणून मी तिच्या वाटेवर उभी राहिले. त्यामुळे तिला कोणी पासच दिला नाही.

"मग पुढे काय झालं?"

"काहीच नाही, तीता. काही होऊ न देणं हेच माझं काम आहे."

हे मला पटकन समजलं. आमच्या लॅबमध्ये प्रत्येक तपासणीबरोबर एक नमुना असा ठेवतात, की त्यात काहीच घडायला नको. तिथे काही घडलं तर दिवसभराचं काम फुकट. त्या नमुन्याचं कौतुक आजवर कोणी केलेलं नाही. मी डॅनिकाला म्हटलं, आहे तशीच पाठव. मारिलूचं म्हणणं होतं, की निदान आवाज तरी काढून टाका. डॅनिकाने नकार दिला. बचावपटूने मैदानात बोलत राहायचं असतं आणि तिचं ओरडणंही त्याच टेपवर होतं. टेप जशीच्या तशी गेली.

उत्तर यायला बरेच आठवडे लागले. तोवर रविकांतने हँडीकॅमला हात लावला नाही. बर्फ पडलं, त्याने न सांगता फावडं घेऊन मारिलूचाही ड्राइव्हवे मोकळा केला. एका दुपारी डॅनिका लॅबच्या दारात येऊन उभी राहिली. आत यायची परवानगी नव्हती, म्हणून आम्ही दोघी हातमोजे काढून बाहेर गेलो.

प्रशिक्षकांचा फोन आला होता. इतर मुलींच्या टेपवर त्यांना चेंडूच चेंडू दिसला होता. चेंडू लांब असताना मुलगी काय करते ते फक्त या टेपवर दिसलं. मग त्यांनी विचारलं होतं, तो ओरडणारा माणूस कोण?

"मी सांगितलं, माझे तीतो," डॅनिका म्हणाली. "तर ते म्हणाले, भाषा मला कळली नाही, पण तो तुला सारखा कुठेतरी जायला सांगत होता आणि तू एकदाही गेली नाहीस. शिबिराला ये."

मारिलू तिथेच भिंतीला टेकून रडली. संध्याकाळी मी हे रविकांतला सांगितलं. त्याने कपाटातून हँडीकॅम काढला आणि चार्जिंगला लावला. पुढच्या शनिवारी मंडळात तो सगळ्यांना सांगत होता, की मी मुद्दामच ओरडत होतो, तिची एकाग्रता तपासायला.

डॅनिका शिबिरातून संघात गेली. पहिला आंतरराष्ट्रीय सामना त्यांचा संघ चार गोलांनी हरला. तिचा फोन आला तेव्हा आम्ही सगळे मारिलूच्या स्वयंपाकघरात होतो. रविकांतला राहवलं नाही. "चार गोल? आणि तू काय करत होतीस?"

"तीतो," ती म्हणाली, "नऊ झाले असते."

दुसऱ्या दिवशी मारिलूने लॅबमध्ये सगळ्यांना सांगितलं, की तिच्या मुलीने पाच गोल अडवले. मी तिच्याकडे पुरावा मागितला नाही.