डावखुरी वीण

ज्या वर्षी मामाने बावन्नाव्या वर्षी लग्न केलं आणि फोटोत नवरीपेक्षा तोच जास्त लाजला, त्याच वर्षी आजीने घरातला स्वेटर शेवटचा विणला. विणला तो चिमीसाठी. बाकीचे सगळे त्या वर्षाला मामाच्या लग्नाचं वर्ष म्हणतात. थोरलीच्या लेखी मात्र ते चिमीच्या स्वेटरचं वर्ष होतं.

तसे स्वेटर कपाटं भरून असतील, पण त्या घरात 'स्वेटर' म्हटलं की एकच. आजोबा वारले तेव्हा त्यांचा तपकिरी स्वेटर खुंटीला तसाच लटकत राहिला. आजीला तो कुणाला देववेना, टाकवेना आणि खुंटीकडे बघवेना. शेवटी वर्षअखेरच्या सुट्टीत तिने तो उसवला आणि त्याच लोकरीचा एक छोटा स्वेटर थोरलीसाठी विणला. थोरली पहिली नात, म्हणून पहिला मान तिचा. पुढच्या सुट्टीत तोही उसवला आणि दुसऱ्या नातवाच्या मापाने विणला. तेव्हापासून रीतच पडली. सुट्टीला सगळे जमायचे. जेवणं झाली की ज्याच्या अंगात स्वेटर असेल त्याने तो काढायचा, पुढचा नंबर ज्याचा त्याने धागा ओढायचा आणि बाकीच्यांनी गुंडे करायचे. नातवंडं वाढली तशी लोकर पुरेना, म्हणून आजी दरवर्षी एखादा नवा गुंडा त्यात मिसळायची. तपकिरीत कधी निळा पट्टा यायचा, कधी राखाडी.

चार नातवंडांपैकी दोघे नातू मिसरूड फुटल्यावर गळाले. "आजी, मित्र हसतात गं," म्हणाले. उरल्या दोघी, थोरली आणि तिची मावसबहीण चिमी. एक वर्ष हिचं, एक वर्ष तिचं. पुढे दोघी चांगल्या मोठ्या बायका झाल्या, थोरलीच्या केसांत पांढरं दिसायला लागलं, तरी रीत मोडली नाही.

हिशेब सरळ होता, पण थोरलीच्या मनात तो कधी सरळ बसला नाही. चिमी आणि मावशी आजीच्याच घरी राहायच्या. चिमीला आजी रोज सकाळी चहाबरोबर मिळायची. थोरलीला मिळायची सुट्टीपुरती, पाहुणीसारखी. त्यात एकदा थोरलीचं वर्ष असताना चिमीला ताप आला आणि आजीने स्वेटर तिच्या मापाचा विणायला घेतला. थोरलीला जवळ घेऊन म्हणाली, "तू शहाणी आहेस ना? ती लहान आहे." शहाणं असण्यात एवढा तोटा असतो हे थोरलीला त्या दिवशी कळलं. तो तापाचा स्वेटर तिच्या पोटात कायमचा राहिला.

थोरलीकडे फक्त एक गोष्ट होती जी चिमीकडे नव्हती. आजी डावखुरी होती आणि सगळ्या नातवंडांत डावखुरी थोरली एकटीच. "माझा हात हिच्यात उतरलाय," असं आजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. थोरलीला ते एवढं पुरलं की विणकाम शिकायचं तिने कधी मनावरच घेतलं नाही. हात आपल्यात आहेच, तो जातोय कुठे?

आजी गेली. सगळे रडले, थोरलीही रडली, पण रडता रडता तिच्या मनात आलंच, की पुढचं वर्ष आपलं. विचाराची तिला लाज वाटली, म्हणून काही तो गेला नाही.

ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायची. मागच्या खोलीत फिरत्या दगडावर भिंग धरायचं, फ्रेमच्या मापाने कडा उतरवायच्या, उजेडाकडे धरून ओरखडा बघायचा. गल्ल्यावरच्या बाईला मफलर विणता यायचे. जेवणाच्या सुट्टीत थोरली तिच्याजवळ शिकायला बसली. पण ती बाई उजव्या हाताची. तिचं बघून केलं की टाके सुईवरून पळायचे.

"अहो, तुमचं सगळंच उलटं!" बाई कपाळावर हात मारून म्हणाली.

शेवटी थोरलीनेच युक्ती काढली. गिऱ्हाइकाला चष्मा लावून दाखवायचा मोठा आरसा होता, त्यात ती बाईचे हात बघायला लागली. आरशात बाई डावखुरी दिसायची. सुट्टी येईपर्यंत थोरलीचे तीन मफलर झाले. एकही तिने कुणाला दाखवला नाही.

सुट्टीला सगळे मावशीकडे जमले. चिमी स्वेटर घालून दारातच उभी होती. "ये ताई, किती वाळलीस गं," असं म्हणून तिने मिठी मारली. थोरलीच्या गालाला लोकर लागली. तिला आजीचा वास आला, आणि तो चिमीच्या अंगाला येत होता हे काही तिला सोसलं नाही.

जेवणं झाली. ताटं उचलली. मामाने पोटावरून हात फिरवला. सगळे बसून राहिले, पण चिमी काही स्वेटर काढेना. बडीशेपेचा डबा दोनदा फिरला.

"मग?" थोरली म्हणाली. "यंदा माझा नंबर ना?"

मावशी खाली बघायला लागली. "अगं, आम्ही म्हणत होतो, की आता राहू द्यावा तसाच. तिच्या हातचं शेवटचं आहे ते. उसवलं की गेलं."

"म्हणजे चिमीकडेच राहू द्यावा."

"तसं नाही गं."

"तसंच झालं मावशी. राहायचं तर तिच्याच अंगावर बरं राहतं सगळं."

"अगं ताई..." चिमी म्हणाली.

"तू बोलू नकोस. तुला बोलायची गरजच पडली नाही कधी."

मामाने वातावरण हलकं करायचा प्रयत्न केला. "असं करा, दोघींनी एक एक बाही घ्या. पाठ मला द्या, थंडीत गाडीच्या इंजिनावर घालीन." कुणी हसलं नाही. नव्या मामीला रीत नीट ठाऊक नव्हती, तिने साधंच विचारलं, "पण उसवला तर पुन्हा विणणार कोण?"

"मी," थोरली म्हणाली.

"तू?" मामा म्हणाला. "तुला बटण लावायला सांगितलं तर तू शर्टाबरोबर गादी शिवतेस!"

थोरलीने पिशवीतून मफलर काढले आणि मामाच्या मांडीवर टाकले. मावशीने एक उचलला, पालथा केला, टाक्यांवरून बोट फिरवलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आईसारखीच वीण," ती म्हणाली. "डावी."

चिमीने हात वर केले, स्वेटर डोक्यावरून काढला आणि थोरलीपुढे ठेवला. काढल्यावर ती उगाचच अंग चोरून बसली.

आजीचा स्वेटर सोपा असायचा. पुढचा भाग, पाठ आणि दोन बाह्या. गळ्याला ती आकार देत बसायची नाही. "डोकं आत गेलं की झालं, मान काय दाखवायचीय?" म्हणायची. थोरलीने कात्रीच्या टोकाने खांद्याची शिवण सोडवली, पुढचा भाग समोर धरला आणि वरच्या काठावर उजवीकडे धागा शोधायला लागली. आजी डावीकडून उजवीकडे विणायची, त्यामुळे तिचा शेवटचा धागा नेहमी उजव्या कोपऱ्यात दडवलेला असायचा. लहानपणापासून थोरलीला तो अंधारातही सापडला असता.

तो तिथे नव्हता.

तिने भिंग बघावं तसा काठ उजेडाकडे धरला. धागा डाव्या कोपऱ्यात होता. मग तिने बाह्या पाहिल्या. दोन्हींचे डावीकडेच. पाठीचा मात्र उजवीकडे.

"हे आजीने नाही विणलेलं," थोरली म्हणाली.

चिमी समोरच्या बाहीचा काठ सरळ करायला लागली.

"चिमे, हे कुणी विणलंय?"

"पाठ तिनेच विणली," चिमी हळू म्हणाली. "मग तिची बोटं चालेनात. सुई हातातून पडायची. मला म्हणाली, उरलेला तू कर, मी सांगते. आणि कुणाला बोलू नकोस, नाहीतर मला म्हातारी म्हणतील."

"म्हातारीच होती की गं," मामा म्हणाला आणि त्याने मांडीवरच्या मफलरला डोळे पुसले.

मावशीलाही हे ठाऊक नव्हतं; ती झोपल्यावरच दोघी विणायला बसत असणार. ती चिमीकडे बघत राहिली. मामी उठून पाणी आणायला गेली.

थोरलीला वाटलं होतं की चिमीकडे आजीच्या हातचा शेवटचा स्वेटर आहे, आणि तेवढ्यानेच तिचा जीव जळत होता. आता कळलं की चिमीकडे त्याहून मोठं काही होतं. आजीने हिला शेजारी बसवून शिकवलं. आपण आरशात एका परक्या बाईचे हात बघून शिकलो, आणि हिच्याकडे आजीच्या शिकवण्याचे सगळे दिवस होते. डावा हात आपला, आणि शिकवण मिळाली उजव्या हाताला. हा कुठला न्याय?

"मग तुझं उसवायला काय हरकत आहे?" ती म्हणाली. "आजीचं नाहीच ते."

"नाही," चिमी म्हणाली. "ओढ तू."

थोरलीने ओढलं. धागा टाक्याटाक्याने निघत गेला, टक टक टक. चिमीने स्वतःच गुंडा करायला घेतला. एकेक ओळ जाताना थोरलीला बरं वाटत होतं, खरं सांगायचं तर फार बरं वाटत होतं. पुढचा भाग गेला, बाह्या गेल्या. पाठ तिने तशीच ठेवली, घडी घातली आणि गुंड्यांबरोबर पिशवीत भरली. निघताना ती चिमीशी बोलली नाही.

घरी येऊन तिने पुढचा भाग विणायला घेतला. तो बरा जमला. मग बाही. मफलरला बाही नसते, त्यामुळे गल्ल्यावरची बाई इथे कामाची नव्हती. मनगटापासून वर टाके वाढवत जायचे आणि खांद्याशी ते असे कमी करायचे, की बाही काखेत चपखल बसावी. थोरलीची बाही कधी पिशवीसारखी झाली, कधी अशी की हात वर केला तर पाठही वर यावी. तिने ती उसवली, पुन्हा विणली, पुन्हा उसवली. लोकर पिंजारायला लागली. आजीची बाही कशी असायची ते ठाऊक असलेलं माणूस आता जगात एकच होतं. एकदा तर थोरलीला वाटलं, बिनबाह्यांचाच घालावा. पण चिमी म्हणेल, अर्धाच झाला का? मग तिला वाटलं की चिमी असं म्हणणारच नाही, आणि ते तर त्याहून वाईट.

एका रविवारी ती पिशवी घेऊन मावशीकडे गेली. चिमी टपाल कचेरीत कामाला होती. रविवारी तिचं डोकं धुवायचं ठरलेलं, ओल्या केसांनीच तिने दार उघडलं.

"बाही जमत नाही," थोरली उंबऱ्यावरूनच म्हणाली. "हसायचं नाही."

"मी कशाला हसू? माझी पहिली बाही बघून आजी म्हणाली होती, हत्तीची सोंड बरी."

थोरलीला हसू आलं, आणि आपल्याला हा विनोद आजीच्या तोंडून ऐकायला मिळाला नाही म्हणून लगेच विरलंही. ती शेजारी बसायला गेली.

"शेजारी नको," चिमी म्हणाली. "समोर बस. गुडघ्याला गुडघा लावून. तिने असंच शिकवलं मला. तिचा डावा आणि माझा उजवा, मग एकाच बाजूला येतात."

थोरली समोर बसली. जागा आजीची होती आणि खुर्चीही आजीचीच. चिमीने सुया घेतल्या, थोरलीने आपल्या. चिमीची बोटं चालायला लागली. ओळ संपली की ती सुई दातात धरायची आणि डाव्या अंगठ्याने टाके मागे सारायची, थेट आजीसारखी. ते बघून थोरलीला रागही आला, आणि नजरही हटेना.

"इथे दोन टाके एकत्र घे. तिकडून नाही, तुझ्या बाजूने. हां."

"ती बोलायची का विणताना?"

"सारखी. जास्त तुझंच. ताईचा हात असता तर कधीच झालं असतं म्हणायची. मला इतका राग यायचा तुझा! मी दिवसभर कचेरीत उभी राहून यायची, तिला न्हाऊ घालायची, औषधं द्यायची, आणि नाव तुझं. एकदा तर मी सुया फेकल्या."

थोरलीची सुई थांबली. चिमीच्या तोंडाकडे तिने नीट बघितलं. चिमी खोटं बोलत नव्हती. तिचे कान लाल झाले होते.

"मग ती काय म्हणाली?"

"म्हणाली, उचल. वाकायला मला जमत नाही."

बराच वेळ दोघी विणत राहिल्या. स्वयंपाकघरात मावशी भांडी लावत होती. बाही खांद्यापर्यंत आली आणि पहिल्यांदाच काखेत नीट बसेल अशी दिसायला लागली. तेव्हा थोरलीने इतके दिवस न विचारलेलं विचारलं. विचारलं की उत्तर चिमीकडून घ्यावं लागेल, म्हणूनच तिने विचारलं नव्हतं.

"शेवटी काय झालं गं? मला कुणी नीट सांगितलंच नाही."

चिमीने ओळ पूर्ण केली, सुई दातातून काढली आणि सांगायला लागली.

मामाच्या लग्नानंतर पाचव्या महिन्यात, मंगळवारी दुपारी, झोपेतच आजी वारली. चिमी त्या दिवशी रजा घेऊन जवळ होती. थोरली दुकानात होती.