घरचं कार्ड

दर तासाला मोबाइलचा गजर व्हायचा आणि केमिस्ट हातातलं काम टाकून उठायचा. साबणाने हात धुवायचा, औषधाची बाटली तळव्यात धरून तिचा गारठा घालवायचा, मग बायकोची खालची पापणी ओढून एकेक थेंब सोडायचा. तिच्या डोळ्यांतलं पाणी आटलं होतं. सात आठवड्यांपूर्वी औषधाची रिअॅक्शन येऊन तिच्या अंगावरची कातडी भाजल्यासारखी सुटली होती. पाठीवर, छातीवर ती नव्याने आली, कोवळी आणि डागाळलेली. बुबुळं मात्र धुरकट झाली ती झालीच.

"भावोजी, गालावर गेला थेंब," मेहुणी म्हणाली. बहीण आजारी पडल्यापासून ती इथेच मुक्कामाला होती आणि तिच्या नजरेतून काही सुटत नसे.

"दुसरा घालतो."

"घाला. औषधांच्याच घरात दिलीय तिला, थेंबांना काय तोटा."

बायको हसली. हसताना पुढचा तुटका दात दिसला. मागच्या आठवड्यात आकडी येऊन ती बेसिनवर आपटली, तेव्हाचा.

आकड्या तिला लग्नाआधीपासून यायच्या. औषधं बदलून झाली, डॉक्टर बदलून झाले. यंदा मेंदूच्या डॉक्टरांनी एक नवी गोळी सुरू केली आणि पाच आठवडे एकही आकडी आली नाही. पाचव्या आठवड्यात तिला लघवीला जळजळ होऊ लागली. एवढ्यासाठी कुठे दवाखान्यात जायचं, म्हणून त्याने दुकानातून एक जुनं, नेहमीचं अँटिबायोटिक काढून दिलं. चौथ्या दिवशी ताप, ओठांवर फोड, मग सगळंच. दोन्ही औषधं एकदम बंद झाली आणि आकड्या परत आल्या.

दुकानात काउंटरखाली पत्र्याचा एक लांबट डबा होता. त्यात गिऱ्हाइकांची कार्डं. ज्याला जे औषध चालत नाही, ते त्याच्या कार्डावर लाल शाईने लिहिलेलं. कॉम्प्युटर आला तरी डबा हलला नव्हता. दोनदा त्या डब्याने माणसं वाचवली होती आणि ते तो येईल त्याला सांगायचा. सगळी कार्डं बायकोच्या अक्षरातली, कारण त्याचं अक्षर त्याचं त्यालाच लागत नसे. एकदा कोरं कार्ड हातात घेऊन तिने विचारलं होतं, "माझंही करून टाकू का एक?"

"तुझं कशाला? तुझं माझ्या डोक्यात आहे."

डोक्यात होतं, हे खरं. फक्त वेळेवर वर आलं नाही. बारा वर्षांपूर्वी हेच अँटिबायोटिक घेतल्यावर तिचं तोंड आलं होतं, मांडीवर बटणाएवढा जांभळट डाग उठला होता. उष्णता झालीय म्हणून त्याने मलम दिलं. गोळीचा संशय आला होता, पण तिला उगाच घाबरवायला नको म्हणून मनातच ठेवला, आणि मनात ठेवलेलं विसरून गेला. या खेपेला तिच्या ओठावर पहिला फोड दिसला त्या क्षणी त्याला ते सगळं लख्ख आठवलं. इस्पितळात विचारलं, या औषधाचा आधी कधी त्रास झाला होता? तो "नाही" म्हणाला. घाबरून तोंडातून गेलेला शब्द. उद्या सांगू, उद्या सांगू, असं करता करता सात आठवडे झाले.

आज त्वचेच्या डॉक्टरीणबाई कोणतं औषध कायमचं टाळायचं याचं शेवटचं पत्र देणार होत्या.

त्यांनी कागदावर एक आडवी रेघ ओढली. "हे आजाराआधीचे दिवस. फिटची गोळी इथे, पाच आठवडे आधी सुरू झाली. अँटिबायोटिक इथे, चार दिवस आधी. औषध पहिल्यांदाच पोटात गेलं असेल, तर चार दिवसांत एवढं होणं जरा लवकर आहे. म्हणून माझा संशय फिटच्या गोळीवर जास्त आहे. पण खात्री नाही. तेव्हा दोन्ही जन्मभर बंद."

"ती गोळी बंद करू नका," बायको म्हणाली. काळ्या चष्म्याआड तिचे डोळे दिसत नव्हते. "त्या पाच आठवड्यांत मी आतून कडी लावून आंघोळ करत होते. लग्नानंतर पहिल्यांदाच. आता ही दाराशी स्टूल टाकून बसते."

"मी काही बघत नाही हं," मेहुणी म्हणाली. "मी मोबाइल बघते."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "हे अँटिबायोटिक आधी घेतल्याचं, काही त्रास झाल्याचं आठवत असतं, तर हिशेब उलटा झाला असता, फिटच्या गोळीवरचा संशय कमी झाला असता. शरीर ओळखीच्या औषधावर लवकर चवताळतं. तुम्हाला आठवतंय काही?"

"मला नाही आठवत. ह्यांना विचारा. माझं सगळं ह्यांच्या डोक्यात असतं."

ती हे टोमणा म्हणून बोलली नव्हती. तिचा तसा विश्वासच होता. त्याने टेबलावरची रेघ पाहिली, रेघेच्या टोकाशी पाच आठवडे पाहिले.

"घेतलं होतं," तो म्हणाला. "बारा वर्षांपूर्वी. तोंड आलं होतं. मांडीवर डाग उठला होता."

"इस्पितळात तुम्ही नाही म्हणालात. इथे तसंच लिहिलंय."

"हो."

"तेव्हा आठवलं नसेल." त्यांनी त्याला सुटायला वाट करून दिली होती. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"आठवत होतं."

मेहुणीने पर्सची चेन लावली. बायकोने त्याच्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं, पण जरा चुकून, त्याच्या खांद्याकडे.

डॉक्टरीणबाईंनी पत्रातली एक ओळ खोडली. "मी मेंदूच्या डॉक्टरांशी बोलेन. फिटची गोळी लगेच नाही. कातडीला आणखी काही महिने मिळू देत, मग इस्पितळात ठेवून, अगदी कणभर डोस. तेही ते तयार झाले तर. मी शब्द देत नाही."

घरी येताना मेहुणीने बहिणीचा हात धरला होता. तो फाइल घेऊन मागून चालत होता. दुकानाशी आल्यावर बायको वरच्या घराच्या जिन्याकडे न वळता आत गेली, चाचपडत काउंटरमागच्या खुर्चीवर बसली.

"डबा काढा."

त्याने काढला.

"कोरं कार्ड घ्या. लाल पेन. लिहा."

त्याने औषधाचं नाव लिहिलं. खाली बारा वर्षांपूर्वीचं लिहिलं, आत्ताचं लिहिलं. तिने कार्ड घेऊन बहिणीपुढे धरलं. "वाच."

"काय वाचू? मुंग्या चालल्यात."

"पुन्हा लिहा."

दुसरंही लागलं नाही. तिसऱ्याला तो पाटीवर गिरवावं तसा एकेक अक्षर सुटं काढत बसला. एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, तिघांकडे बघून परत गेलं. चौथं कार्ड मेहुणीने न अडखळता वाचलं. शेवटच्या ओळीवर मात्र ती थांबली. ती त्याने आपल्या मनाने घातली होती.

"वाच ना."

"'पतीला माहीत होते.'"

बायकोने बोटाने कार्डाची कड तपासून ते त्याच्याकडे दिलं. "ठेवा जागेवर."

"अगं, मी..."

"बारा वर्षांपूर्वीचं मी धरत नाही," ती म्हणाली. "विसरता येतं माणसाला. पण मी बेसिनवर पडले त्या दिवशी माझं तोंड तुम्हीच पुसलंत. तेव्हाही तुम्हाला माहीत होतं."

तेवढ्यात गजर वाजला. सवयीने तो उठला, मागच्या नळाशी जाऊन साबणाने हात धुतले, बोटांच्या बेचक्यांसकट.

परत आला तेव्हा बाटली मेहुणीच्या तळव्यात होती.

"मला जमेल का गं?" ती बहिणीला विचारत होती.

"जमेल. पापणी खाली ओढायची, एक थेंब." बायकोने मान मागे टेकवली. "चुकला तर दुसरा घाल."

तो ओले हात तसेच धरून उभा राहिला.